आप्पांच्या काहिलीची नोंद

आमच्या घरात गुऱ्हाळाचा हंगाम सुरू झाल्याचं बाकी सगळ्यांना नाकाने कळतं, मला बोटांनी. मला बारा महिने सर्दी. उकळत्या रसाच्या ज्या वासावर लोक एवढं भरभरून बोलतात, तो माझ्या वाट्याला कधी आलाच नाही. दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला, की एक दिवस संध्याकाळी कसबा बावड्याला माहेरी जावं, तर दाराची कडी बोटाला किंचित धरून ठेवते. मग दिव्याचं बटण धरतं. टीव्हीचा रिमोट, पाण्याचा तांब्या, आप्पांच्या सायकलची मूठ, सगळं हळूच बोट धरतं आणि सोडतं. म्हणजे आप्पा काहिलीवर जायला लागले. आई फडकं ओलं करून दिवसातून दोनदा घर पुसत फिरते आणि कुरकुरते. यंदा परवाच्या शनिवारी कडी चिकट लागली.

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचा धंदा गुळव्याचा. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. उसाचा रस एका भल्यामोठ्या उथळ कढईत, काहिलीत, तीनेक तास उकळतो. एका वेळच्या उकळीला आधण म्हणतात. रस आटतो, फेसाळतो, पिवळा होतो, शेवटी जड जड बुडबुडे फोडत लाल-सोनेरी पाक होतो. तो पाक विस्तवावरून नेमका कधी उतरवायचा हे एकच माणूस ठरवतो, तो गुळव्या. चार मिनिटं उशीर झाला तर गूळ काळवंडतो, हे लगेच दिसतं. चार मिनिटं घाई झाली तर मात्र काहीच दिसत नाही. ढेप छान बसते, रंग गोरा येतो, व्यापारी मान डोलावतो. आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच्या गोदामात ती ढेप पाझरायला लागते. तेव्हा गुऱ्हाळवाल्याचं आणि गुळव्याचं नाव बाजारातून जातं.

आप्पा हे बोटांनी ओळखतात. हात गार पाण्याच्या बादलीत बुडवायचा, ढवळायच्या काठीवर आलेला पाक त्याच ओल्या बोटांनी उचलायचा, पुन्हा पाण्यात धरून त्याची गोळी वळायची. गोळी कशी वळते, बोटाखाली किती दबते, किती परत उठते, एवढ्यावर सगळा निर्णय. मग आप्पा मागे न बघता हाक देतात, "उतरवा!" लहानपणी मला वाटायचं, माझे वडील या एका शब्दासाठीच कामावर जातात.

मी कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सर्व्हर सांभाळते. तिथे माझं काम बोटांचं असलं तरी ते पाकात घालावं लागत नाही. एका गार खोलीत चार-पाच संगणक अहोरात्र चालू असतात, आणि ते काय काय करतात याच्या नोंदी ते स्वतःच लिहीत जातात. त्या नोंदी वाचणं ही माझी सवय, आणि घरचे म्हणतात तसं, माझं वेडही. लोक जुने फोटो काढून बसतात. हंगाम आला की मी एक जुनी फाइल उघडून बसते. सहा-सात वर्षांपूर्वीच्या एका हंगामाची. तिच्यात फक्त वेळ आणि तापमान आहे. अकरा वाजून सात मिनिटं, नव्याण्णव पूर्णांक दोन. पुढच्या ओळीला नव्याण्णव पूर्णांक तीन. हजारो ओळी. वाचता वाचता मला चिपाडांचा ढीग दिसतो, घाण्याचा आवाज येतो. एके ठिकाणी पाऊण तास काहीच नाही, ती वीज गेली होती. एके ठिकाणी आकडा एकदम खाली येऊन परत वर चढतो. तिथे आप्पांनी तापमापीची कांडी पाकातून काढून फडक्याने पुसली होती, कारण घाणेरडी वस्तू काहिलीत राहिलेली त्यांना खपत नाही.

हे सगळं सुरू झालं एका निखाऱ्यापासून. त्या हंगामाच्या सुरुवातीलाच आप्पा चुलवाणाजवळ उभे होते. चुलवाण म्हणजे काहिलीखालची भट्टी. एक बारका निखारा उडून त्यांच्या चपलेत, टाचेखाली गेला. आई जेवणाचा डबा घेऊन गेली होती. तिने विचारलं, "काय जळालंय ओ?" आप्पा इकडे तिकडे बघत राहिले. जळत होती त्यांचीच टाच, आणि त्यांना पत्ता नव्हता.

आप्पांना साखरेचा आजार आहे. जन्मभर गूळ केला, साखरेला हातही लावला नाही, तरी नाव साखरेचंच, असं ते स्वतःच हसून सांगतात. डॉक्टरांनी पाय तपासून सांगितलं, पायांची जाणीव कमी झाली आहे, पुढे हातांचीही होऊ शकते. आप्पांनी मान हलवली, औषधं घेतली आणि घरी यायला ते माझ्या स्कूटरवर मागे बसले. बावड्याच्या नाक्यावर ऊस भरलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून उभे होते, गाणी लावून. तिथे थांबल्यावर मागून आवाज आला.

"वैशे, तुमच्या कॉलेजात ते ताप मोजायचं मशीन असतंय न्हवं?"

"असतंय की. का ओ?"

"काहिलीला लावून बघायचं हुतं. म्हंजे मी हाक देतो तवा आत खरं किती ताप हाय, त्ये लिवून ठेवायचं. लई दिवसांचं. माझी बोटं खरं सांगत्यात का खोटं, त्ये कळंल."

मी म्हटलं, "करतो की आप्पा." आमच्याकडे बायकाही बोलताना 'करतो, आलो, गेलो' म्हणतात. लिहिताना तेवढी मी शुद्ध वागते.

"आणि ह्ये बापूला बोलायचं न्हाई. तुझ्या आईलाबी न्हाई."

बापूकाका म्हणजे गुऱ्हाळाचे मालक, आप्पांचे बालमित्र. त्यांना आम्ही कॉलेजचा प्रकल्प आहे असं सांगितलं. ते खूश झाले.

कॉलेजच्या प्रयोगशाळेने मोडीत काढलेला एक तापमान दाखवणारा डबा मला मिळाला. त्याला लांब कांडी, समोर लाल आकडे आणि मागे नऊ टाचण्यांची ती जुनी खोबण, सीरियल पोर्ट. नव्या संगणकांना ही खोबण आता नसते. मला मात्र ती आवडते. तिच्यात काही लपवाछपवी नाही. एक तार, आणि त्या तारेतून एका मागोमाग एक अक्षर. डबा दर सेकंदाला एक आकडा बोलतो आणि ऐकणाऱ्याने ऐकून घ्यायचं, बस. माझ्याकडे कॉलेजने टाकून दिलेला एक संगणकही होता. त्यावर मी लिनक्स ही संगणकप्रणाली घातली, चिपाडांच्या शेडमध्ये एका पत्र्याच्या पेटीत तो ठेवला आणि चाळीस फूट तार ओढली.

पहिल्या दिवशी पडद्यावर नुसता कचरा आला, उलटीसुलटी चिन्हं. डबा एका वेगाने बोलत होता आणि संगणक दुसऱ्या वेगाने ऐकत होता. वेग जुळवला तर वेगळीच गंमत. माझ्या त्या लिनक्सवर असा एक प्रोग्रॅम चालू होता, जो सीरियल पोर्टच्या दाराशी बसतो आणि पलीकडे कोणी माणूस बसला असेल असं धरून त्याचं नाव विचारतो. डबा म्हणाला, अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. संगणकाला वाटलं हेच नाव. मग त्याने पासवर्ड विचारला. डबा म्हणाला, अठ्ठ्याण्णव पूर्णांक पाच. संगणक म्हणाला, चूक. पुन्हा नाव सांग. सकाळभर दोघांचं हेच चाललं होतं. मी ते आप्पांना समजावून सांगितलं तेव्हा ते काठीवर रेलून हसले.

"पावण्याला नाव-गाव इचारल्याबिगर आत घीना. शाणं हाय की तुझं मशीन."

"आप्पा, लेक तुमची काहील आता मोबाइलवर दावती का काय?" बापूकाका रस गाळताना ओरडले. त्यांचा हळू आवाजही शेजारच्या रानात ऐकू जातो.

तो दारवान प्रोग्रॅम मी बंद केला, आणि मग आकडे सरळ यायला लागले. त्या दिवशीचा आनंद मला अजून आठवतो. पडद्यावर ओळी चढत होत्या. रस तापत होता तसा आकडा तापत होता. वाफेच्या पडद्यामागे आप्पा रानभेंडीच्या रसाने मळी वर आणत होते, झाऱ्याने काढत होते, आणि इकडे माझ्यासमोर त्याच काहिलीची नाडी चालू होती. वडील काय करतात ते मला पहिल्यांदाच माझ्या भाषेत ऐकू येत होतं.

फाइल तयार करायला मी तीन छोटे प्रोग्रॅम एकामागे एक जोडले. पहिला तारेवरचं ऐकणारा. दुसरा गाळणारा, कारण कांडीची तार डब्यातून सुटली की डबा आकड्याऐवजी नुसत्या रेघा पाठवायचा, त्या नको होत्या. तिसरा प्रत्येक ओळीपुढे घड्याळातली वेळ लिहिणारा. माझ्या धंद्यात असं जोडकाम रोजचंच. पाच मिनिटांत झालं. मी तपासूनही पाहिलं नाही, इतकं ते सोपं होतं.

आप्पांनी हाक दिली की वेळ लिहायचं काम बापूकाकांनी स्वतःहून घेतलं. शाळेची एक वही त्यांनी आणली. "उतरवा!" ऐकू आलं की ते संगणकाच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघायचे आणि मोठ्ठ्या अक्षरात वेळ लिहायचे. लिहिताना जीभ दाताखाली धरायचे.

मी रोज सकाळी कॉलेजच्या आधी तासभर गुऱ्हाळावर जायचे. तो डिसेंबर मला सकाळच्या उन्हाचाच आठवतो. बायका वाळत घातलेली चिपाडं पालथी करायच्या. बैलगाडीची चाकोरी दवाने ओली असायची. बापूकाका वाटीभर गरम काकवी पुढे करायचे आणि आईने दिलेल्या डब्यातली भाकरी तीत बुडवून मी उभ्याने खायचे. आप्पांना काकवी बंद होती. ते माझ्या वाटीकडे बघायचे आणि म्हणायचे, "बरी झालीया का?" मी म्हणायचे, झालीया. त्यांना तेवढ्याने समाधान व्हायचं असं दिसायचं. खरं सांगायचं तर इतके सलग दिवस वडिलांच्या इतक्या जवळ मी लग्नानंतर कधी नव्हते.

चोवीस आधणं झाल्यावर एका रविवारी दुपारी मी बावड्याच्या घरी सोप्यात बसून हिशेब लावला. बापूकाकांच्या वहीतली वेळ घ्यायची आणि फाइलमध्ये त्या वेळेचा आकडा बघायचा. आमच्या या गुळाला साधारण एकशे अठरा अंश लागतात. पंधरा आधणं त्याच्या आसपास होती. नऊ नव्हती. एक एकशे चौदाला उतरवलेलं, एक एकशे बाराला, एक तर एकशे नऊला. त्यात काही क्रम नव्हता. सकाळचं चुकलेलं, दुपारचं बरोबर, दुसऱ्या दिवशी उलट. माणसाची सवय चुकली तर ती एकाच बाजूला चुकते. हे तसं नव्हतं. ज्या हाताला कधी कळतं आणि कधी कळत नाही, त्याचं हे लक्षण होतं.

आप्पा समोर सुतळी वळत बसले होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "निघालं काय?"

मी सांगितलं. कुठलं किती ते वाचून दाखवलं. ते सगळं ऐकत होते. मला वाटलं, ते भांडतील. ढेपा फोडून दाखवीन म्हणतील, तुझं मशीन फेकून दे म्हणतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"घाईच हाय म्हंजे सगळी."

"व्हय. उशीर एकबी न्हाई."

"म्हंजे पावसाळ्यात कळणार." त्यांनी सुतळीचं टोक दातात धरून गाठ मारली. "बरं झालं बघितलंस."

मला फार वाईट वाटलं. आणि खोटं कशाला लिहू, आत कुठेतरी थोडा अभिमानही वाटला, की जे कोणाला दिसलं नसतं ते मी शोधून काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी बापूकाकांना सांगितलं, दुसरा गुळव्या बघा. कारण सांगितलं नाही. बापूकाका काहिलीला वळसा घालून धावत आले.

"आप्पा, याड लागलंय काय तुमास्नी? हंगाम निम्मा ऱ्हायलाय!"

"दम लागतोय आता. वाफंत उभं ऱ्हावत न्हाई."

"काल तर ऱ्हायलासा की!"

"काल ऱ्हायलो. आज न्हाई."

तिसऱ्या दिवशी गडहिंग्लजच्या पलीकडून, सीमेकडच्या गावातून एक गुळव्या आला. शिवाप्पा. पस्तिशीचा, हात लोखंडासारखे. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायचा. आप्पांच्या पाया पडून म्हणाला, "अण्णा, तुमच्या काहिलीवर मी कसं काय उभारू?" आप्पांनी त्याच्या हातात काठी दिली आणि ते चिपाडांकडे गेले. तिथून पुढे ते तेच करत होते, बायकांबरोबर चिपाडं पालथी करणं. घरी बसा म्हटलं तर ऐकायचे नाहीत. उजवा हात मात्र बहुतेक वेळ बंडीच्या खिशात असायचा.

मशीन मी काढलं नाही. खरं म्हणजे काढायला धीर होईना. ते लिहीत राहिलं, बापूकाकाही सवयीने वहीत वेळ लिहीत राहिले, पण आता जीभ दाताखाली धरत नव्हते.

घरी आई एक दिवस म्हणाली, "तुझ्या बाला काय झालंय गं? रोज तांदळाचं ताट घिऊन बसत्यात. डोळं मिटून खडं निवडत्यात. जन्मात कधी तांदूळ निवडला न्हाई या माणसानं!" आई हसत होती. मीही हसले. मला वाटलं, रिकामा वेळ खायला उठला असेल.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी कॉलेजात दुपारी डबा खाता खाता, का कोण जाणे, मी सकाळी कॉपी करून आणलेली फाइल आणि वहीतल्या वेळा घेऊन शिवाप्पाची आधणं तपासायला घेतली. आकडे तसेच आले. काही बरोबर, काही एकशे दहाला, काही एकशे तेराला, कुठलाही क्रम नाही. मी हातातला घास खाली ठेवला. त्या माणसाची बोटं तर ठणठणीत होती.

तेव्हा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मी अख्ख्या आधणाचा आलेख काढला. पाक हळूहळू तापतो, तेव्हा रेघ चढणीच्या रस्त्यासारखी यायला हवी होती. ती आली जिन्याच्या पायऱ्यांसारखी. अकरा मिनिटं सपाट, मग एकदम उभी, पुन्हा अकरा मिनिटं सपाट. मी फाइल उघडली आणि आकडे सोडून वेळेचा रकाना वाचला. जवळजवळ सातशे ओळींपुढे एकच वेळ. तोच तास, तेच मिनिट, तोच सेकंद. मग पुढच्या सातशे ओळींना पुढची एकच वेळ.

मला कळलं, आणि माझे कान गरम झाले. मधला गाळणारा प्रोग्रॅम. तो पडद्यावर दाखवताना एकेक ओळ लगेच सोडतो. पण त्याचा माल पडद्याऐवजी पुढच्या प्रोग्रॅमला द्यायचा असला, की तो तसं करत नाही. पाटी भरेपर्यंत ओळी स्वतःजवळ साठवतो आणि भरली की एकदम पुढे ओततो. तिसरा प्रोग्रॅम बिचारा आली पाटी की तिच्यातल्या सगळ्या ओळींपुढे तीच वेळ लिहायचा, आणि पाटी भरायला अकरा मिनिटं लागत होती. म्हणजे आप्पा हाक देत होते त्या क्षणाचा आकडा अजून पाटीतच होता, आणि मी वाचत होते तो आधीच्या पाटीतला शेवटचा. पाटी हाकेच्या थोडीच आधी ओतली गेली असेल तर आप्पा बरोबर ठरायचे. बऱ्याच आधी ओतली गेली असेल तर चूक. माझ्या धंद्यातल्या कोणालाही ही खोड माहीत असते. मलाही माहीत होती. मी दुसऱ्यांना शिकवलीही आहे.

डबा सेकंदाला एकच ओळ बोलतो, त्यामुळे ओळी मोजत मागे गेलं की खरी वेळ सापडते. मी आप्पांची चोवीस आधणं पुन्हा मोजली. एकशे सतरा. एकशे अठरा. एकशे अठरा. एकशे एकोणीस. एकशे अठरा. चोवीसच्या चोवीस तशीच. शेवटच्या आधणाला आले तेव्हा मला पडदा नीट दिसत नव्हता.

आज ती फाइल वाचताना मी स्वतःला बरंच माफ केलं आहे, पूर्ण नाही. चूक सगळ्यांकडून होते, आणि ही तर फार साधी होती. मला बोचतं ते वेगळंच. वीस-बावीस वर्षं मी त्या हातचा गूळ खाल्ला होता. कुठल्याच पावसाळ्यात आमच्या घरातली ढेप पाझरली नव्हती. त्यातलं काहीही मला त्या दुपारी आठवलं नाही. फाइलीत लिहिलं होतं, म्हणून ते खरं होतं. आणि आप्पांनीही ते खरं मानलं, कारण ते लेकीने वाचून दाखवलं होतं. आता मी कुठल्याही नोंदीत आकड्याआधी वेळ तपासते. माझ्या हाताखालची मुलं कंटाळतात. मॅडमना वेळेचं वेड आहे म्हणतात, म्हणू देत.

यंदाही आप्पा काहिलीवर आहेत. आता ते फक्त सकाळची आधणं घेतात, बाकीची शिवाप्पा घेतो, आणि दोघांचं भांडण रानभेंडीच्या रसावरून चालतं. साखर काबूत आहे. पायात मात्र आई बूट घालायला लावते. गुऱ्हाळावर बूट घातलेला जिल्ह्यातला हा एकच गुळव्या असेल असं बापूकाका येणाऱ्या जाणाऱ्याला ओरडून सांगतात.

पण त्या दुपारी हे काहीच ठाऊक नव्हतं. मी जेवणाचा डबा उघडाच टाकून निघाले. स्कूटर कशी चालवली आठवत नाही. बांधापाशी चिखल होता, तिथे ती आडवी टाकली आणि रानातून पळत गेले. आप्पा चिपाडांच्या ढिगाच्या सावलीत एकटेच बसले होते. बायका जेवायला गेल्या होत्या. मला बघून ते उठायला लागले.

"का गं? काय झालं? घरी बरं हाय न्हवं?"

"आप्पा, चुकलो मी." मला धाप लागली होती. "मशीनचं आकडं बरोबर हुतं, वेळ चुकीची पडत हुती. माझ्यामुळं. तुमची चोवीसच्या चोवीस आधणं बरोबर हायत. एकबी चुकलं न्हाई. बापूकाकांना मी सांगतो, सगळ्यांना सांगतो, माझी चूक म्हणून सांगतो."

मला वाटत होतं ते काहिलीकडे बघतील. त्यांची जागा, त्यांचं नाव, त्यांची काठी, अकरा दिवस दुसऱ्याच्या हातात होती. मी पूर्ण वाटभर त्याचीच माफी जुळवत आले होते. त्यांनी काहिलीकडे बघितलंच नाही. उजवा हात खिशातून काढला आणि उन्हात धरला. पाचही बोटं पसरून ते हाताकडे बघत राहिले.

"म्हंजे..." त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. "म्हंजे ही अजून जित्ती हायत व्हय?"

मला एकदम ते तांदळाचं ताट दिसलं. डोळे मिटून निवडलेले ते खडे. अकरा दिवस मी एका गुळव्याच्या मानाचा विचार करत होते, आणि हा माणूस रोज सकाळी उठून आपला हात आहे की गेला, हे चाचपत होता.

"जित्ती हायत, आप्पा," मी म्हटलं. "शंभर टक्के जित्ती हायत."

आप्पांनी तो हात पुढे केला आणि बोटांची टोकं माझ्या गालाला लावली. जरा वेळ तशीच ठेवली, पाक उचलल्यावर ठेवतात तशी.

"गाल तापलाय तुझा," ते म्हणाले. "पळत आलीस व्हय एवढ्या उन्हाचं?"